पिठातलं पाऊल

रमाबाई गेल्या त्याला नऊ दिवस झाले होते, आणि नऊ दिवसांत त्यांच्या नवऱ्याने, गुणाजींनी, तोंडातून शब्द काढला नव्हता. एरवी हा माणूस साधं पाणी मागायचा तरी लालबागच्या त्या चाळीतला अख्खा दुसरा मजला ऐकायचा. उमेदीची वर्षं सगळी गिरणीत गेलेली, कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय. गिरणी बंद पडली, आवाज तेवढा राहिला होता. आता तोही गेला. चहा पुढे ठेवला की त्यावर साय धरेपर्यंत बघत बसायचे आणि कप परत सरकवायचे.

दर्शनाला बापाची ही शांतता सहन होत नव्हती. ती परळच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची आणि दर दिवाळीत प्रदर्शनात मोठ्या माणसांचे चेहरे रांगोळीतून काढायची. लोक रांगेत उभे राहून तिचं काम बघायला येत. पण घरातल्या एका माणसाला कसं बोलतं करायचं, हे तिला कळत नव्हतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी देवगडहून आलेल्या सीतारामकाकांनी परात मागून घेतली. काका म्हणजे गुणाजींचे चुलतभाऊ, आणि रीतीभातींच्या बाबतीत फार कडक. त्यांनी परातीत तांदळाचं पीठ पसरलं, तळहाताने सपाट केलं, शेजारी दिवा लावला आणि परातीवर टोपली पालथी घातली.

"सकाळी बघाचा. खूण उमाटली तर समजाचा, सुखान गेली. चिमणीचा पाऊल म्हणा, गायचो खूर म्हणा."

"आणि नाही उमटली तर?" दर्शनाच्या भावाने, निलेशने विचारलं.

"तर तिची कायतरी इच्छा मनात रवली."

गुणाजींनी बाकड्याची कड घट्ट धरलेली दर्शनाने पाहिली. मग ते उठले आणि टोपलीजवळ जमिनीवर जाऊन बसले. तिथून हललेच नाहीत.

दहाव्याच्या सकाळी निलेश विधीचं सामान घेऊन बाणगंगेला पुढे गेला. काका खाली आंघोळीला गेले. गुणाजीही एकदाचे उठून गॅलरीच्या टोकाला गेले. दर्शनाने टोपली उचलली.

पीठ जसंच्या तसं होतं. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती.

दर्शनाचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तरी तिला आईचा राग आला. एवढं साधं काम गं, एक पाऊल टाकून जायचं, तेवढंही नाही झालं तुझ्याने? मग तिने मागेपुढे बघितलं, बसकण मारली आणि पीठ चिमटीत घेतलं. पुढे तीन बोटं, मागे एक. चिमणीची चार पावलं, अगदी हुबेहूब. टोपली झाकून ती गॅसकडे वळली. दूध उतू जायला आलं होतं.

गुणाजी आले. काकांची वाट न बघता त्यांनी टोपली उचलली. बराच वेळ वाकून बघत राहिले. मग दिवा जवळ ओढला.

"दर्शना."

तिच्या हातून सांडशी सुटली. नऊ दिवसांनी ऐकलेला आवाज होता तो, घोगरा, गंजलेला.

"पाऊल वर येतं होय गं? पाऊल आत रुततं."

ती जवळ आली. पिठावर चारही पावलं उठून दिसत होती. पंचवीस वर्षांच्या सवयीने तिने बोट दाबलंच नव्हतं, वरून चिमटीने रेघ सोडली होती. आईच्या दहाव्याला तिने रांगोळी घातली होती.

"मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल," ती कशीबशी म्हणाली. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुणाजी रागावले नाहीत. त्यांनी तळहाताने पीठ पुन्हा सपाट केलं. मग अंगठा पिठात दाबून एक चौकोन ओढला.

"ही खोली." कोपऱ्यात छोटा चौकोन. "ही मोरी." एक आडवी रेघ. "बाकडा." आणि रेघेवर एक गोल. "हा मी. तोंड खिडकीकडे."

दर्शना त्यांच्यासमोर खाली बसली.

"आदल्या रात्री बांगड्याच्या तिखल्यावरून वाजलं आमचं. मीठ जास्त झालं, म्हटलं मी. उद्यापासून तुम्हीच रांधा, म्हणाली. तू सकाळी शाळेत गेलीस, मी फुगून बसलेलो. तिनं मोरीतून हाक मारली, 'अहो, जरा येता काय?' ऐकली मी. परत मारली. तीपण ऐकली. म्हटलं, मारू दे तिसरी, मग उठू."

त्यांचा अंगठा मोरीच्या चौकोनावर थांबला.

"तिसरी मारलीच नाही तिनं."

झटका मोठा होता, कोणी लगेच धावलं असतं तरी उपयोग झाला नसता, असं डॉक्टर म्हणाले होते. दर्शनाच्या ओठांवर ते आलं, आणि तिने गिळलं. आत्ता ते ऐकायला बाबा बसलेच नव्हते.

"आता तिला काढ. मला जमत नाही," ते म्हणाले.

दर्शनाने आईला कधीच काढलं नव्हतं. गेल्या दिवाळीत रमाबाई म्हणाल्या होत्या, "एकदा माझं काढ की, का मी कोणी मोठी नाय म्हणून?" आणि हिने हसण्यावारी नेलं होतं, "तू फार हलतेस, आई." आता आई हलणार नव्हती. दर्शनाने करंगळी पिठात रुतवली. आत जाणारी रेघ तिच्या हाताला परकी होती. डोळ्यांतलं पाणी पिठात पडून बारीक खळगे होत होते. ते तिने पुसले नाहीत.

"पदर खोचलेला. डावीकडे. एक हात भिंतीला. मागून गेलो तेव्हा अशीच होती," गुणाजी सांगत होते.

"चेहऱ्यावर राग दाखवू?"

गुणाजी खिडकीकडे बघू लागले. मग म्हणाले, "होता की नव्हता, मला कुठं माहीत? हाका मारल्या तेव्हा मी वळून बघितलंच नाही."

मग तिने आपल्याला ठाऊक होता तो चेहरा काढला. 'अहो' म्हणताना आईचं तोंड अर्धवट उघडं राहायचं, तसं.

एवढ्यात काका टॉवेल गुंडाळून दारात आले. "उमाटला काय?" म्हणत परातीत डोकावले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "ह्या काय करून ठेवलास गे?"

गुणाजींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते दोन्ही हात जमिनीला टेकून परातीवर वाकले, इतके की श्वासाने पीठ उडेल असं वाटलं.

"आलो गं," ते म्हणाले. "आलो, आलो!"

सगळ्या मजल्याने ऐकलं. शेजारच्या खोल्यांतून माणसं बाहेर येऊन उभी राहिली.