जावयावर बटन

तिगाव स्टेशनच्या अलीकडं एक फाटा फुटते, तिथून दीड कोस आत गेलं का रघुनाथरावाचं गाव. गावाच्या तोंडाशीच शाळा, पहिली ते आठवी. रघुनाथराव तिथं सव्वीस वर्षांपासून चपराशी. टोले देणं, गेट सांभाळणं, लहान्या पोट्ट्यायचे नाकं पुसणं, मास्तर लोकायचा चहा, सारं त्याच्याच अंगावर. शाळेबाहेर त्याले दुसरा एक नाद होता, सोयरीक जमवायचा. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत कोणाची पोरगी लग्नाची झाली, कोणाच्या पोराची संत्र्याची किती झाडं, थे त्याले तोंडपाठ. अन् आपल्याकडं रीत अशी आहे, का ज्यानं सोयरीक जमवली त्यानंच थे जन्मभर निस्तरायचं. नवराबायकोचं वाजलं का पयले मधस्थाले बोलावणं येते.

यंदा जुलैत शाळेत बटनं आली. कुठंतरी दूरच्या शाळेत कोणी माथेफिरू घुसला अन् लेकरायले मारलं, अशी बातमी साऱ्यायनं पाह्यली होती, म्हून शाळेच्या समितीनं ठरवलं. नागपूरवरून रोहित नावाचा कंपनीचा माणूस आला अन् दोन दिवस वायरी ओढत बसला. सात बटनं होती, गळ्यात अडकवायची. सहा मास्तर लोकायले अन् सातवं रघुनाथरावाले. कोणी मारायले घुसला का बटन तीन डाव दाबायचं. मंग छतावरचा भोंगा वाजणार, वर्गावर्गातल्या डब्यातून एका बाईचा आवाज सांगणार का दारं आतून लावा, अन् पांढुर्ण्याच्या ठाण्यात अन् लेकरायच्या मायबापायच्या फोनवर एकदमच निरोप जाणार.

रघुनाथरावानं विचारलं, दाबायचं कोणावर? रोहित म्हणे, जो परवानगीशिवाय आत येईन त्याच्यावर. रघुनाथरावाले हासू आलं. म्हणे बावा, इथं परवानगी घेऊन फक्त तूच आला. बाकी डबा विसरलेल्या पोट्टीची माय येते, म्हशीच्या मागं गुराखी येते, म्हैस तं रोजच येते. रोहितही हासला, पण जाता जाता सांगून गेला का काका, शंका आली का दाबा, पाहत बसू नका.

बड्या मॅडम म्हणजे स्मिताबाईनं गेटवर रजिस्टर ठेवलं. सही केल्याशिवाय कोणी आत नाही. रघुनाथरावानं थे कडक पाळलं. सरपंचाले सही करायले लावली. आपल्या सख्ख्या साळ्याले उन्हात उभं ठेवलं, थो अजून बोलत नाही. फक्त एक माणूस त्याच्या डोक्यातच आला नाही, अन् थो म्हणजे गावचा जावई.

हा जावई म्हणजे वीरेंद्र, सौंसरचा, अंबाबाईच्या पोरीचा, उर्वशीचा नवरा. सोयरीक अकरा वर्षांआधी रघुनाथरावानंच जमवलेली. बगीचा होता, घर पक्कं होतं, पोरगा देखणा होता. राग तेवढा वाईट. उर्वशी दोनदा माहेरी निघून आली अन् दोनदा रघुनाथरावानं तिले समजावून परत धाडली. तिसऱ्यांदा आली थे खांद्याले पट्टी बांधून अन् पोरीले, धनश्रीले, संगं घेऊन. पोरीचं नाव इथंच चौथीत घातलं. मारुतीच्या पारावर बैठक बसली. उर्वशी म्हणे मी आता जात नाही. तवा रघुनाथराव भर बैठकीत उठला अन् म्हणाला, "बाई, माणूस रागीट आहे, वाईट नाही. मी जिम्मेदार." पोळा झाला का तिनं नांदायले जायचं, असं ठरलं. उर्वशीनं मान हलवली नाही का काही नाही. साऱ्यायनं थे होच समजलं.

पोळ्याच्या आठ दिवस आधी, अकराच्या सुमाराले, वीरेंद्र मोटरसायकलवर आला. अंगात पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. म्हणे पोरीले पाहायले आलो. रघुनाथराव तटकन उठला अन् गेट सताड उघडलं. रजिस्टर तिथंच टेबलावर होतं, पण जावयाले सही कर कसं म्हणावं? उद्या सौंसरले जाऊन सांगन, सासरच्या गावात मले चोरासारखं उभं केलं. त्यानं आपली खुर्ची पुसून देल्ली, बसा बापू म्हणलं, अन् पाणी आणायले माठाकडं गेला. जावयाले कोरड्या तोंडानं बसवत नाही कोणी.

पाण्याचा गडवा घेऊन आला तं खुर्चीत कोणी नाही. पिशवी खुर्चीवर पडलेली, रिकामी. वीरेंद्र वरांड्यातून चालून राहिला होता अन् त्याच्या हातात विळा होता.

तिथंच बटन दाबायचं होतं. रघुनाथरावाचा हात छातीवर गेलाही. पण भोंगा वाजला का सारं गाव पाहीन, जावयाले पोलिस नेतीन, अन् बैठकीत म्या काय सांगतलं होतं थे साऱ्यायले आठवन. त्याले वाटलं, बोलून पाहू. अकरा वर्षं आपण बोलूनच तं निस्तरलं.

"बापू," त्यानं हाक मारली, "पाणी तं घ्या."

वीरेंद्र वळला. आवाज अगदी शांत होता. "रघुभाऊ, तुम्ही मधात पडू नका जी. पोरगी माही आहे. तिले घेऊन जाईन, नाहीतं कोणाच्याच कामाची ठेवत नाही."

चौथीचा वर्ग तिसऱ्या दाराशी. दार उघडं, आतून अमिता मॅडमचा अन् पोट्ट्यायचा पाढ्याचा आवाज येऊन राहिला होता. रघुनाथरावानं बटन तीन डाव दाबलं.

भोंगा असा बोंबलला का छतावरची कबुतरं उडाली. दारं धडाधड लागत गेली, पहिलीचं, दुसरीचं. वीरेंद्र धावला. चौथीचं दार त्याच्या तोंडावर लागलं अन् आतून कडी बसली. त्यानं दारावर विळा हाणला, लाथा हाणल्या, पोरीच्या नावानं ओरडला. भोंग्यात त्याचा आवाज कोणाले आयकू जात नव्हता. रघुनाथराव मागून गेला अन् त्याचा हात धरला, तं विळा कोपरापासून मनगटापर्यंत फिरला. नऊ टाके पडले मंग.

तवापर्यंत फोन वाजले होते. मायबाप वावरातून, दुकानातून, जसे होते तसे काठ्या घेऊन धावत आले. रघुनाथराव रक्ताच्या हातानं गेटाकडं गेला अन् गेट लावून कुलूप घातलं. लोकायनं त्याच्या मायबहिणी काढल्या. त्यानं उघडलं नाही. उघडलं असतं तं जावई तिथंच सरला असता, हे त्याले दिसून राहिलं होतं. वीरेंद्र भोंग्याखाली कान दाबून बसला होता, विळा बाजूले पडला. अठरा मिनिटांनी पोलिसांची गाडी आली.

पोलिसाचा साहेब बयान घ्यायच्या आधी उपसरपंच गौतम रघुनाथरावाच्या बाजूले येऊन बसला. वाईट माणूस नाही गौतम. हळूच म्हणे, मशीन नवी आहे. धक्क्यानं बटन दबलं म्हण. जावई बगीच्यातून गवत कापून तसाच आला, भोंग्यानं बिचकला, झटापटीत तुले लागलं. घरची गोष्ट घरात राहते. मशीन काही उलटून बोलत नाही.

खरं सांगायचं तं रघुनाथरावाले थे पटलं. मशीनवर ढकललं का गावाची इज्जत राहते, उर्वशीचा संसार राहते, अन् बैठकीतला आपला शब्दही राहते.

तेवढ्यात अमिता मॅडम पोट्ट्यायले मोजत बाहेर आल्या. एकतीसच्या एकतीस. धनश्री मागं होती, केसाले जाळे लागलेले. मॅडमनं सांगतलं का भोंगा वाजल्यावर बाकीचे बाकाखाली घुसले, पण ही भोंग्याच्या आधीच कपाटामागं गेली होती. बापाचा आवाज वरांड्यात आयकला तशीच उठली, कोणाले न विचारता गेली, अन् पाढा तसाच चालू होता. मॅडम म्हणे, मले वाटलं, खेळून राहिली.

रघुनाथरावानं चांगल्या हातानं पोरीच्या केसातलं जाळं काढलं. ठाण्याचा कारभार इकडं हिंदीत. साहेबानं विचारलं, बटन किसने दबाया.

"मैंने दबाया साहेब," रघुनाथराव म्हणाला. "गलती से नहीं. और गेट भी मैंनेच खोला था. बटन दबाने में देर करी, वो भी लिखो." गौतम उठून गेला.

टाके घालून आल्यावर संध्याकाळी थो अंबाबाईच्या घरी गेला. उर्वशी चुलीपाशी भाकरी थापत होती. त्यानं उभ्याउभ्याच सांगतलं, का बाई, तू नोको जाऊ, म्या बैठकीत चुकीचं बोललो. तिनं भाकरी पलटली. मंग त्याच्याकडं न पाहता म्हणाली, "काका, थे चारचौघात बोलले तुम्ही. हे चुलीपाशी येऊन काहून सांगून राहिले?"

रैवारी पारावर बैठक बसली. रघुनाथरावानंच बोलावली होती. पन्नासेक माणसं आली, बाया मागं बसल्या. कोणी म्हणे पोरीचा संसार पोलिसात गेला, कोणी म्हणे त्या डब्ब्यानं गावाचं नाव घालवलं. रघुनाथराव उठला. पट्टीचा हात त्यानं दुसऱ्या हातानं धरला होता.

"डब्ब्याचं नाव घेऊ नका," थो म्हणाला. "म्या दाबलं. उर्वशी नांदायले जाणार नाही. म्या इथंच उभं राहून सांगतलं होतं का माणूस वाईट नाही. तिच्या खांद्याची पट्टी मले तवाही दिसून राहिली होती."

इथं थो थांबला. गौतमनं खाली पाह्यलं.

मागून अंबाबाई म्हणाली, "थांबू नोको. पुढं बोल."