सोमवारच्या आधीचं

एकाच सर्व्हरवर पगार, पाणीपट्टी, तक्रारी आणि पेन्शन असे चार डेटाबेस नांदत होते. सर्व्हर धापा टाकू लागला, तसे चारही विभाग एकमेकांवर खापर फोडू लागले. साहेबांनी ताईला सांगितलं, कोण किती प्रोसेसर खातो याचा अंदाज काढा. जो सगळ्यात कमी खाईल त्याची रवानगी जुन्या मशीनवर, कारण त्या म्हाताऱ्याला तेवढंच झेपेल. ऑफिसात लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत, आणि नको ती कामं तिच्याच गळ्यात पडत.

अंदाजात पेन्शनच्या वाट्याला शून्य आलं. साहेब खूश झाले.

"हा आकडा धरू नका," ताई म्हणाली. "सर्व्हर सोमवारी बंद करून चालू केला. त्यानंतरचं जे त्याच्या लक्षात आहे, तेवढंच तो सांगतो. पेन्शनचं काम महिनाअखेरीला असतं. त्याला आठवत नाही, म्हणून ते झालंच नाही असं नसतं."

साहेबांना चक्क पटलं. महिनाअखेरपर्यंत थांबायचं ठरलं.

घरी धाकटा भाऊ आलेला होता. आईच्या पहिल्या झटक्यापासून तिचं खाणंपिणं, अंघोळ, औषधं, सगळं ताईने एकटीने काढलं होतं. मग दुसरा झटका आला आणि आईची मागची वर्षं पुसली गेली. धाकटा धावत आला, रजा टाकून उशाशी बसला. आता त्याला आईला आपल्या गावी न्यायचं होतं. मामांसमोर त्याने आईलाच विचारलं, तुझं सगळं कोण करतं?

"हाच करतो," आई त्याचा हात धरून म्हणाली. "मला दुसरं आहे कोण?"

मामांनी ताईकडे बघायचं टाळलं. दुपारी ऑफिसात म्हटलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, पण ते ऐकून घेणारे साहेब इथे नव्हते. तिला ना राग आला ना रडू, तिचा नुसता दगड झाला होता. तिने आईचे कपडे घड्या घालून बॅगेत भरले आणि गोळ्या कुटून द्याव्या लागतात एवढं धाकट्याला सांगितलं. तो मोबाइलमध्ये तिकिटं बघत हो हो म्हणाला.

महिनाअखेरीला पेन्शनने इतरांना कोपऱ्यात बसवलं. अर्धा प्रोसेसर त्याचाच निघाला. जुन्या मशीनवर तक्रारी गेल्या, आणि साहेबांनी सगळ्यांदेखत ताईची पाठ थोपटली. ताईला त्याचं काहीच वाटलं नाही. घरी येऊन तिने सवयीने भात मऊ शिजवला, आणि मग तो एकटीनेच खाल्ला.

जेवण होतंय तोच धाकट्याचा फोन आला.

"ताई, आई घास घेत नाही गं. सारखी विचारते, ती बाई कुठे गेली? तू कामाला कोणी बाई ठेवली होतीस का? तिचा नंबर दे ना."

ताईने ताट बाजूला सारलं.

"नंबर आहे तुझ्याकडे," ती म्हणाली. "त्याच नंबरवर बोलतोयस."

फोन तसाच कानाशी धरून तिने कपाटावरची बॅग खाली ओढली.