तिसरी पायरी

आमच्या बस स्थानकात घोषणा करायची खोली लोखंडी जिन्यावर आहे. त्याची तिसरी पायरी डगमगते, हे मी साहेबांना दोन वर्षं दातांच्या कण्या करून सांगत होते. शेवटी पायरीनंच माझं म्हणणं खरं केलं. तोंडावर आपटले आणि वरचे पुढचे दोन दात गेले.

दातांचं एवढं नाही, पण सव्वीस वर्षं माइकवर बोलतेय, आणि आता 'सात' म्हणायला गेले की शिट्टी वाजत होती. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही चौकशीच्या खिडकीत बसा. इथं रेकॉर्ड केलेला आवाज लावू."

"पंधरा दिवस द्या," मी म्हणाले. "नाही जमलं तर खुशाल लावा."

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तीन पर्याय सांगितले. हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, सगळ्यात पक्कं काम, पण चार-सहा महिने जाणार. ब्रिज करायचा तर शेजारचे दोन चांगले दात घासून बारीक करावे लागणार. नाहीतर काढता-घालता येणारी कवळी, ती आठवड्यात मिळेल.

"शेजारच्यांनी काय घोडं मारलंय?" मी म्हणाले. "आत्ता कवळी द्या. स्क्रूचं मागाहून बघू."

"सुरुवातीला बोलताना अडखळाल हं."

"ते माझ्याकडे लागलं."

कवळी आली तेव्हा हातात आठच दिवस उरले होते. मी स्वयंपाकघरात उभी राहून वेळापत्रक मोठ्यानं वाचायला लागले. बाहेरून आमचे हे म्हणाले, "अगं, गॅस बंद कर, तिसरी शिट्टी झाली." मला इतका राग आला की न्हाणीघरात जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि पहिल्या बसपासून पुन्हा सुरू केलं. डॉक्टरीणबाईंकडेही तीन खेपा घातल्या. "मागून अजून थोडी घासा, जीभ अडते." तिसऱ्यांदा त्याही हसल्या, पण घासून दिली.

पंधराव्या दिवशी साहेब हाताची घडी घालून माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. मी बटण दाबलं.

"सात वाजून सदतीस मिनिटांनी सुटणारी बस फलाट क्रमांक सहावर उभी आहे."

काचेतून खाली पाहिलं. कुणी मान वर केली नाही. लोकांनी बॅगा उचलल्या आणि सहाकडे चालायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"ठीक आहे बाई, चालू द्या," साहेब पुटपुटले आणि जिना उतरायला लागले. माइक अजून चालूच होता.

"विशेष सूचना. या खोलीच्या जिन्याची तिसरी पायरी डगमगते. स्थानकाच्या साहेबांनी सावकाश उतरावं."

आता मात्र सगळं स्थानक वर बघायला लागलं. साहेब चौथ्या पायरीवर कठडा घट्ट धरून उभे होते.