खाण्यापिण्याचं सोडून

इंदुताईंनी तिसऱ्यांदा चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं, आणि बाहेर ओट्यावर अजून पार्किंगच चालू होतं. पहिल्या चहाला पार्किंग, दुसऱ्या चहाला पार्किंग. आहे त्या घरात धड पाय पसरायला जागा नाही, आणि ह्यांचा जीव अडकलाय न बांधलेल्या इमारतीतल्या स्कूटरच्या जागेत. त्यांनी आलं ठेचायला घेतलं, ते गरजेपेक्षा जरा जोरातच ठेचलं.

"हळू ओ ताई," पोळ्या लाटणारी कस्तुरा म्हणाली. "बाहेरच्यांना वाटेल भांडण आत चाललंय."

"वाटू दे. त्यांच्या भांडणाला तेवढीच सोबत."

आकुर्डीतली ही कामगारांची जुनी सोसायटी. तीन मजले, लिफ्ट नाही, गच्चीला दर पावसाळ्यात नवं ठिगळ. एक बिल्डर ती पाडून सात मजले बांधून द्यायला तयार होता. त्याची अट एकच, रस्त्याच्या बाजूला खाली दुकानं काढायची, म्हणजे त्याचा खर्च निघेल. बस, एवढ्या एका गोष्टीवर सहा महिने चालले होते. काहींना दुकानंच नको होती. काहींना हवी होती, पण आपल्या खिडकीखाली नको होती. आणि दत्तोबांना नेमकं काय हवंय ते देवालाही ठाऊक नव्हतं. आकुर्डीतल्या बहुतेक कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणून मीटिंग दर गुरुवारी संध्याकाळी. आणि दर वेळी ती इंदुताईंच्याच ओट्यावर, कारण सगळ्यांना पुरतील एवढी बाकं तिथंच होती.

बाकं मेसची होती. ज्योतीराम, म्हणजे इंदुताईंचे यजमान, ज्या कंपनीत होते ती बंद पडली तेव्हा इंदुताईंनी तळमजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत डबे करायला घेतले होते. त्याला आता वीस वर्षं होत आली. डब्यांची मेस झाली. चाकणला शिफ्टला जाणारी पोरं ओट्यावर पत्र्याखाली बसून जेवायची आणि कोपऱ्यावर कंपनीची बस धरायची. मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, सगळं ह्याच ओट्यावरून झालं. रात्री भांडी उपसून, फरशी धुऊन मगच त्याच खोल्यांत अंथरुणं पडायची.

म्हणून दुकानांची गोष्ट निघाली तेव्हा सोसायटीत एकट्या इंदुताई मनातून खूश झाल्या होत्या. पहिल्याच मीटिंगला बिल्डरच्या माणसानं सांगितलं होतं, ज्याचा धंदा आज खाली चालतो त्याला गाळा पहिल्यांदा. त्या दिवसापासून कणीक मळताना त्या मनानं गाळ्यातच असायच्या. भिंतीत मोठा पंखा, धूर बाहेर. उभ्यानं भांडी घासता येतील अशी मोरी. आणि दारावर पाटी. इतक्या वर्षांत ह्या मेसला पाटी नव्हती. हे सगळं त्यांनी कस्तुराला सांगितलं होतं, कारण गाळा झाला की तिलाही पगारवाढ होती. ज्योतीरामना सांगितलं नव्हतं. ह्यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटलं होतं.

त्या ट्रे घेऊन बाहेर आल्या तेव्हा पार्किंग एकदाचं संपून दुकानांवर गाडी आली होती.

"दुकानं म्हंजी काय, आज कापडाचं म्हनतील, उद्या बिर्याणी यील," दत्तोबा सांगत होते. सोसायटीची जमीन एके काळी त्यांच्या भावकीची होती, त्यामुळे ते कुठल्याही विषयावर पहिल्यांदा आणि शेवटी बोलायचे. "समोरच्या बिल्डिंगीखाली बगा. दिसभर वास, आन् पोरं गाड्यांवर बसत्यात. आमी सही करनार न्हाई."

"माझी बाल्कनी नेमकी दुकानांवर येणार," सुमनताई म्हणाल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. "कढईचा धूर थेट माझ्या देवघरात."

"अहो पण दुकानंच नकोत म्हटलं तर बिल्डर पळून जाईल," सनी म्हणाला. तो खालच्याच एका खोलीच्या खिडकीतून मोबाइल दुरुस्त करून द्यायचा. "मग बसू गच्चीला डांबर लावत."

सोसायटीचे अध्यक्ष ज्योतीराम मांडीवर फाइल घेऊन बसले होते. सहा महिन्यांत त्यांचा चेहरा उतरला होता. ह्याच्या जिन्यात, त्याच्या दारात समजूत घालत फिरायचं, जो तो आपलं घोडं पुढं दामटणार, आणि शेवटी सगळे अध्यक्षांनाच बोलणार. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि परत घातला.

"मग असं लिहू," ते म्हणाले. "खाण्यापिण्याचं सोडून कुठलंही दुकान. मेडिकल चालेल, बँक चालेल, कापड चालेल. हॉटेल, खानावळ, गाडा, काही नाही. कायमचं. आता तरी?"

सुमनताईंनी मान तिरकी करून ते मनाशी पुन्हा म्हणून बघितलं, त्यात काही खोट सापडते का ते. सापडली नाही.

"आता कसं," दत्तोबा म्हणाले. "हे आदी सांगायचं ना अध्यक्ष. आना पेन."

ज्योतीरामनी घाईनं पेन पुढं केलं, दत्तोबांचं मन बदलायच्या आत. दत्तोबांनी सही केली, सुमनताईंनी केली, फाइल बाकावरून बाकावर गेली. कुणीतरी हुश्श म्हणालं. ठरलं म्हणायचं एकदाचं, असं जो तो दुसऱ्याला सांगू लागला.

इंदुताई ट्रे धरून उभ्या होत्या. कुणाच्या तरी लक्षात येईल, त्यांना वाटलं. कुणीतरी म्हणेल, अहो पण थांबा. सगळे त्यांनीच केलेला चहा पीत होते, त्यांच्याच बाकांवर बसून.

"आणि माझं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं काय?" सुमनताई म्हणाल्या.

"माझा गाळा. ज्याचा धंदा खाली चालतो त्याला पहिला गाळा ना? सनीला मोबाइलचा मिळतोय. मला मेसचा."

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, मायेनंच हसले, आणि तेच जास्त लागलं.

"अहो इंदुताई, तुमचा काय धंदा म्हणायचा?" सुमनताई म्हणाल्या. "तुमचं घरगुती. माझ्याकडे पाहुणे आले की मी निर्धास्त असते, ती कुणाच्या जिवावर?"

"काकू, तुमच्या हातची चव म्हणजे आईच्या हातची," सनी म्हणाला. "हॉटेलवाल्यांशी बरोबरी करता होय स्वतःची?"

"आमी कवा तुमास्नी हाटेलवाली म्हनलं का?" दत्तोबांनी छातीवर हात ठेवला. "एवढ्या वर्सांत तसा सबूद न्हाई काढला तोंडातनं."

इतकं कौतुक इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं. आणि प्रत्येक कौतुकाबरोबर गाळा थोडा थोडा लांब चालला होता, हे इंदुताईंना स्पष्ट दिसत होतं.

"मग लिहा त्यात, मेस चालेल म्हणून."

"तसं लिहिलं की बिर्याणीवाला पण मेस म्हणूनच येणार," सनी म्हणाला. "कागदाला काय कळतंय काकू, कोणाची मेस."

"वर फ्लॅटमध्ये करा की," सुमनताई म्हणाल्या. "किचन केवढं मोठं मिळणार आहे."

"म्हणजे पोरं जेवायला लिफ्टनं वर येणार?"

"लिपटात भाईरची मानसं नगं," दत्तोबा लगेच म्हणाले.

इंदुताईंनी नवऱ्याकडे बघितलं. ज्योतीराम पेनाला टोपण लावत होते. त्यांनी मान वर केली आणि अगदी प्रेमानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तिला कशाला आता गाळा? मी ठरवलंय, नव्या घरात तिनं आराम करायचा. राबली तेवढी पुरे झालं."

"बघा," सुमनताई म्हणाल्या. "ह्याला म्हणतात नवरा."

मग सगळ्यांनी इंदुताईंकडे असं बघितलं, जणू त्यांना आत्ताच काहीतरी मोठं बक्षीस मिळालंय आणि आता त्यांनी लाजायचं आहे. इंदुताईंच्या कानशिलांपर्यंत संताप चढला. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल ह्याचा भरवसा नव्हता. त्यांनी रिकामे कप गोळा केले आणि त्या आत गेल्या.

मागोमाग ज्योतीराम फाइल घेऊन आले. कंपनी डळमळायला लागली त्या साली त्यांनी घर बायकोच्या नावावर केलं होतं, त्यामुळे ज्योतीराम सहसभासद होते, आणि मूळ सभासद म्हणून ह्या घराची सही इंदुताईंची होती.

"तेवढी सही कर गं. आज नाही झालं तर दत्तोबा उद्या सकाळी फिरतील."

"कधी ठरवलंत?"

"काय?"

"माझा आराम."

कस्तुराचं लाटणं थांबलं. मग तिनं मान खाली घातली आणि लाटून झालेलीच पोळी पुन्हा लाटायला घेतली.

"अगं, गुडघे बघ तुझे," ज्योतीराम म्हणाले. "रोज रात्री तूच म्हणतेस ना, आता होत नाही माझ्याच्यानं."

"दमले की म्हणते. दमल्यावर माणूस काहीही म्हणतं. मेस बंद करायची, असं म्हटलं कधी?"

"म्हणजे मीच चुकलो."

"मला विचारलं नाहीत तुम्ही." इंदुताईंचा आवाज चढला नाही, उलट बसला. "दत्तोबांच्या उंबऱ्याला घासून घासून चपला झिजल्या तुमच्या. सुमनताईंना बाल्कनीचं विचारलंत. सनीला शटर कुठल्या बाजूला हवं ते विचारलंत. मला काय विचारलंत सहा महिन्यांत? साखर आहे का."

ज्योतीराम पिठाच्या डब्यावर बसले. फाइल त्यांनी छातीशी धरली होती.

"मलाही माझ्या ओट्यावर बसायचंय गं कधीतरी," ते म्हणाले. "संध्याकाळचा मी कुठं असतो, सांग. कोपऱ्यावर तरी, नाहीतर पाण्याचा जग घेऊन उभा. कंपनी गेली तेव्हापासून मी माझ्याच घरात वाढपी आहे. तू कमावलंस, मी नाही म्हणत नाही. पण एकदा दार लावून दोघांनीच बसावं, असं वाटलं. त्यात गुन्हा केला का?"

इंदुताईंना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला. हे तरी आधी बोलायचं. दोन खोल्यांत एवढा संसार झाला आणि एवढं एक वाक्य बोलायला बिल्डर यावा लागला. त्यांनी हात पदराला पुसले, उगाचच, कारण ते कोरडेच होते.

बाहेर बुटांचा आवाज झाला.

"काकू, मीटिंग चालूय का अजून?" नवनाथचा आवाज. तो उदगीरकडचा, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. "बस यायला थोडाच टाइम आहे. उभ्यानं खाऊ का?"

"थांबा रे पोरांनो, पाच मिनिटं," सनीचं उत्तर आलं. "सह्या चालल्यात."

"थांबतील हो, घरचीच मुलं आहेत," सुमनताई म्हणाल्या.

इंदुताई बाहेर आल्या. तिसऱ्या शिफ्टची पोरं गळ्यात कंपनीची कार्डं अडकवून गल्लीत उभी होती. बाकांवर सोसायटी बसली होती, आरामात, काम फत्ते झाल्यासारखी. चाकणला गुरुवारची सुट्टी नसायची, त्यामुळे दर मीटिंगला असंच व्हायचं. पोरं गल्लीत उभ्यानं जेवायची, आणि इंदुताईच त्यांना सांगायच्या, आज जरा सांभाळून घ्या.

"उठा," इंदुताई म्हणाल्या.

सुमनताईंना वाटलं, त्या पोरांना काहीतरी म्हणाल्या. "काय झालं?"

"बाकं रिकामी करा. माझी गिऱ्हाइकं आलीत."

हा शब्द त्यांनी ह्या ओट्यावर कधी वापरला नव्हता. पोरं म्हणायच्या, लेकरं म्हणायच्या. शब्द तोंडातून गेला, आणि त्यांनी तो मागं घेतला नाही. सुमनताई कप हातात घेऊनच उठल्या. सनी उठला. दत्तोबा पोरांकडे नीट बघत राहिले, मग गुडघ्यावर हात टेकून तेही उठले आणि पायरी उतरून गल्लीत गेले. बाहेर जाऊन सगळे तिथंच थांबले. घरी कुणी गेलं नाही.

पोरं अवघडून बसली. इंदुताईंनी ताटं मांडली, भाजी वाढली, कस्तुरानं पोळ्या आणल्या.

ज्योतीराम दारात आले.

"अध्यक्ष, झाली का त्यांची सही?" दत्तोबांनी गल्लीतून विचारलं.

ज्योतीरामनी फाइलकडे बघितलं. सगळ्या सह्या होत्या, एक सोडून. सहा महिन्यांत एवढ्या जवळ गोष्ट कधी आली नव्हती. त्यांनी बायकोकडे बघितलं. इंदुताई वाकून आमटी वाढत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. ज्योतीरामनी फाइल खिडकीत ठेवली आणि पाण्याचा जग उचलला.

"काका, आज तरी ठरलं का तुमचं?" नवनाथनं घास चावत विचारलं. एवढे महिने तोही ऐकत आला होता.

ज्योतीराम त्याच्या ग्लासात पाणी ओतत राहिले. ग्लास भरला तेव्हा ते थांबले.

"नाही," ते म्हणाले, गल्लीतल्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "एका सभासदाला विचारायचं राहूनच गेलंय."