कांचनताईंचं डॅनिश

"मग सांगायचं कधी?" अँडर्सनं बायकोला विचारलं. डॅनिशमध्ये.

कांचनताई ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. सासूला आपली भाषा कळत नाही, अशी जावयाची पक्की खात्री होती. पण वर्षभर दर मंगळवारी इथल्या, अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या लायब्ररीत जाऊन त्या इंगाबाई नावाच्या एका डॅनिश बाईंकडून गुपचूप डॅनिश शिकत होत्या. उद्या नाताळच्या जेवणात उभं राहून चार वाक्यं बोलायची आणि कोपनहेगनहून आलेल्या लेक-जावयाला चकित करायचं, असा बेत होता. ब्रेड, बर्फ, घर लवकर जमलं. जीव खाल्ला तो छोट्या शब्दांनी. 'आधी, नंतर, सोबत, शिवाय, हे आम्ही बोलताना गिळून टाकतो,' इंगाबाई म्हणायच्या. 'तिथंच कान द्या.'

"आधी नाही, नंतर," इला म्हणाली. "तिच्याशिवायच उरकू."

एकही शब्द सुटला नव्हता. त्याचा आनंद व्हायच्या आतच कांचनताईंचं लाटणं थांबलं. माझ्याशिवाय? काय उरकायचं?

अमेरिकन पाहुण्यांदेखत खासगी बोलायचं ते मराठीत, ही रीत त्यांनीच लेकीला लावली होती. अँडर्ससमोरसुद्धा किती वेळा! आज त्यांच्यावरच ती उलटली होती.

"ऑपरेशनच्या आधी कळायला हवं तिला," अँडर्स म्हणाला. "आई आहे ती."

कांचनताईंची नजर लेकीच्या अंगाशी धरलेल्या डाव्या हातावर गेली. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी परक्यांच्या गाठी तपासल्या होत्या. आणि पोटची पोर आठ दिवस डावा हात जपतेय, हे त्यांना दिसलं नव्हतं. तव्यावरची पोळी करपली.

"इला, कसलं ऑपरेशन?"

इला पांढरीफटक पडली. "आई! तुला डॅनिश... ओ गॉड." मग हळूच म्हणाली, "ब्रेस्टमध्ये लम्प आहे. सोळा जानेवारीला सर्जरी. तू एकटी इथे पॅनिक करशील, म्हणून नंतर सांगणार होतो."

उद्यासाठी घोकलेली चार वाक्यं कांचनताईंना एकदम आठवेनाशी झाली. त्या अँडर्सकडे वळल्या.

"मे माय," त्या डॅनिशमध्ये म्हणाल्या. माझ्यासोबत.

अँडर्स तोंड उघडं टाकून बघतच राहिला. मग त्यानं फोन काढला आणि सासूबाईंचं कोपनहेगनचं तिकीट शोधायला लागला.

इला उजव्या हातानं वरणाचं पातेलं उचलायला गेली. दुसऱ्या बाजूचा कान कांचनताईंनी धरला.