बदलल्याची तारीख

तोताराम नानांनी फ्लॉपी पुढे केली, पण सोडली नाही. जीवरामने दुसऱ्या टोकाला धरून हलकेच ओढली, तेव्हा कुठे त्यांची बोटं सुटली.

"नाना, आत घातल्याशिवाय कशी उतरेल?"

"घाला की. मी कुठे नको म्हणतो?" म्हणत नानांनी खुर्ची आणखी पुढे घेतली. आता जीवरामचा कोपर त्यांच्या पोटाला लागत होता.

मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात सव्वीस फ्लॉप्या, आणि त्यांत समाजातल्या उपवर मुलामुलींची अख्खी सूची. प्रत्येकाची वेगळी फाईल: शिक्षण, उंची, मामाचं गाव, जन्मतारीख, जन्मवेळ. धुळ्याच्या कॉलेजात हेडक्लार्कची नोकरी सांभाळून नानांनी ती पाच वर्षं स्वतः टाइप केली होती. भडगावपासून दोंडाईच्यापर्यंत कुणाचीही पत्रिका जुळवायची तर वेळ नानांच्या सूचीतली धरत. नानांनी लिहिलं म्हणजे झालं, त्यावर कुणी फेरचौकशी करत नसे.

यंदा फ्लॉप्यांना बुरशी धरू लागली, म्हणून सूची एका मोठ्या डिस्कवर हलवायचं समाजाच्या मंडळाने ठरवलं. जीवराम देवपुरात घरीच छपाईचं टायपिंग करायचा. त्याच्याकडे दोन कॉम्प्युटर केबलने जोडलेले होते. बाहेरच्यात फ्लॉपी घालायची आणि आतल्या खोलीतल्याच्या डिस्कवर फाईल पाठवायची. "माझ्याकडे आणा, फुकट करून देतो," असं तो बैठकीत आपण होऊन म्हणाला होता. नानांना खटकलं ते तेच. कुणी न मागता मदत करायला निघाला की त्यांच्या मनात पाल चुकचुकायची.

त्यातून हा होणाऱ्या जावयाचा, भिकनचा, थोरला भाऊ. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की भिकनचा आणि नानांच्या प्रमिलाचा साखरपुडा होता. प्रमिलाला एकोणतिसावं लागलेलं. याआधीची दोन स्थळं मंगळावरून मोडली होती. दुसऱ्या वेळी पोरीने दोन दिवस तोंडात घास घेतला नव्हता. भिकनचं स्थळ आलं, त्याच आठवड्यात नानांनी कॉलेजात एकट्याने बसून तिची फाईल उघडली आणि जन्मवेळ पहाटेच्या चार दहाची पाच चाळीस केली, म्हणजे पत्रिकेत मंगळ उरला नाही. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

जीवरामची आई बेबाबाई कपबशी घेऊन आली.

"नाना, चहा ल्या. तो डबा कोनी लई जावाव नही."

"असू द्या, अक्का." नानांनी बशी डब्यावर ठेवली आणि डोळे पडद्याकडे वळवले.

फ्लॉप्या कुरकुरत एकेक उतरत होत्या. उकाड्याने नानांचा सदरा पाठीला चिकटला. एकोणिसावी आत गेली आणि पडद्यावर नावांची यादी उघडली. जीवरामचा हात थांबला.

"का थांबलात?"

"काही नाही. तुमच्या त्या जुन्या प्रोग्रॅमात नुसती नावंच दिसायची ना? इथे बघा, नावापुढे तारीख येते. फाईल शेवटची कधी बदलली, त्याची."

नानांनी चष्मा वर सरकवला. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव. आणि मधेच एक, प्रमिलाच्या नावापुढे: बारा एप्रिल सत्त्याण्णव. जेमतेम पंधरा दिवसांपूर्वीची.

"पत्ता... पत्ता चुकला होता," ते म्हणाले.

"असेल."

"उतरवताना तारीख जात नाही का?"

"नाही. नुसती उतरवली तर आहे तशीच जाते. उद्या मंडळात कुणीही उघडलं की दिसणार."

आता हा उठेल, आईला हाक मारेल, आणि प्रमिलाचं तिसरं स्थळ याच खोलीत मोडेल, याची नानांना खात्रीच वाटली. त्यांनी डब्यावरची कपबशी खाली ठेवली.

जीवरामने यादीतली पहिली फाईल उघडली. एक मोकळी जागा टाकली, पुसली, जतन केली, बंद केली. तिच्यापुढे आजची तारीख आली. मग दुसरी. मग तिसरी. प्रमिलाची उघडली, तेव्हा त्याने वाचल्यासारखं केलं नाही. तीही तशीच बंद केली.

"बुरशीच्या फायली एकदा उघडून जतन केलेल्या बऱ्या," तो पडद्याकडे बघतच म्हणाला. "सगळ्याच करू. अडीचशे असतील. आधीच्या अठरा फ्लॉप्यांच्याही."

एवढा वेळ आपण या माणसाला चोर समजून पहाऱ्याला बसलो, याची नानांना लाज वाटली. त्यांनी डबा उचलून जीवरामच्या टेबलावर ठेवला.

"भाऊ, तुमचे उपकार..."

"उपकार कसले, नाना." जीवरामने पुढची फाईल उघडली. भिकनची. "आता आपण घरातलेच. याची जन्मवेळ तरी कुठे आईने सांगितलेली? फॉर्म भरताना मीच बसवून दिली होती."

नाना हसले. मग त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

बसवून दिली, म्हणजे खरी कोणती? आणि त्या खऱ्या वेळेत असं काय होतं, की ती लपवावी लागली? प्रश्न ओठांपर्यंत आला. जीवराम पहिल्यांदाच वळून त्यांच्याकडे शांतपणे बघत होता, माऊसवर हात ठेवून; पडद्यावरचा बाण प्रमिलाच्या नावापासून चारच ओळी खाली होता.

नानांनी खालची कपबशी उचलली.

"चहा गार झाला," ते म्हणाले.