सुपाएवढी जागा

धोंडाबाईने कोंबड्या झाकायचं फुटकं डालगं पडवीच्या दारातून आत भिरकावलं. ते घरंगळत गेलं आणि पेरणीच्या मोडक्या पाभरीला अडकून थांबलं.

“आक्का, हे बी ऱ्हाऊ द्या तुमच्यात,” ती म्हणाली. “आमच्यात ठेवाय जागा न्हाई. तुमची पडवी म्हंजी काय, पाटलाचा चौक.”

गोजराबाई आत उकिडवी बसली होती. तिच्यापुढे जमिनीवर एक सूप पालथं ठेवलेलं होतं. तिने मान वर केली नाही.

“टाक. पर डाव्या अंगाला टाक. उजवीकडं सारवण वलं हाय.”

“सारवण?” धोंडाबाई वाकली. दाराच्या आत, उजव्या कोपऱ्यात, जमिनीचा एक तुकडा खरोखरच शेणाने सारवलेला होता. सुपाएवढा. बाकीची पडवी अशी भरली होती की जमीन मातीची आहे की दगडाची, तेही कळत नव्हतं. “अगं बया! सुपानं घर सारवत्यात! नातवंडांच्या लग्नापतुर चूल मांडाल, आक्का.” मग जीभ चावल्यासारखं करून ती म्हणाली, “नातवंडं तरी कुटली म्हना.”

“न्हाईत,” गोजराबाई म्हणाली. “म्हनून तर घाई न्हाई.”

ही गोष्ट भुकूम गावची, अठ्ठावन्न सालच्या पावसाळ्यातली. गोजराबाईचा नवरा नथू जाऊन वर्ष झालं होतं. मूलबाळ नव्हतं. घरात धाकटा दीर भिकू, त्याची बायको धोंडाबाई आणि त्यांची पोरं. वर्षश्राद्धाचं जेवण झाल्यावर भिकूने भावकीतल्या म्हाताऱ्या हैबतरावांपुढे विषय काढला. वैनींना नेऱ्याला, भावाकडे पोचवावं. हितं एकट्या बाईनं काय करायचं?

“मी जायाची न्हाई,” गोजराबाई चुलीपाशी बसूनच म्हणाली होती. “मला माज्या मालकाच्या घरात येगळी चूल पाहिजे.”

भिकू हसला होता. राग येण्यासारखं त्यात काही नाही, असा हसला होता. “मांडा की, वैनी. गोठ्यामागची पडवी नथूदादाच्याच वाटणीची. घ्या ती.”

ती पडवी सगळ्यांना ठाऊक होती. तीन पिढ्यांची अडगळ तिच्यात होती. या घरात अवजार जाळायचं नाही, अशी रीत. मोडलं तरी त्यानं शेत कसलेलं असतं, त्याला चुलीत कसं घालायचं? म्हणून मोडकी पाभर, कुळवाची वाकडी फासं, गाडीचे आरे, कुजलेली इरली, फुटके रांजण, बैलांची जुनी दावी, सगळं पिढ्यान् पिढ्या गोठ्यामागे जाऊन पडलं होतं. आत उभं राहायचं तर आधी काहीतरी बाहेर काढावं लागे.

हैबतरावांनी पान जुळवत निकाल दिला. “खंडेनवमीला मी सालाबादपरमानं पूजेला येतो. त्या दिशी पडवीत चूल पेटलेली दिसली, तर पडवी नथूच्या बायकूची. पुन्ना कुनी बोलायचं न्हाई. न्हाई पेटली, तर हिच्या भावाची, भैरूची गाडी बोलवायची. पुन्ना हिनं बोलायचं न्हाई.”

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस, अवजारांच्या पूजेचा. श्रावण नुकता लागत होता.

गोजराबाई मुळात टापटिपीची बाई नव्हती, हे इथेच सांगितलं पाहिजे. सासू तिला ‘पसाराबाई’ म्हणायची आणि ते खोटं नव्हतं. तिचं लुगडं एकीकडे वाळायचं, चोळी दुसरीकडे, आणि विळा शोधण्यात तिची अर्धी सकाळ जायची. पडवी मिळाल्यावर पहिल्या दिवशी तिने जे केलं, तेही पसाराबाईसारखंच. सगळं एका दमात बाहेर काढायला गेली. जुना नांगर ओढताना पाठीत चमक भरली आणि ती आडवी झाली. उठून बसेपर्यंत धोंडाबाईने बाहेर काढलेलं सगळं पुन्हा आत टाकलं होतं, आणि वर चार गोष्टी आपल्याही.

त्यानंतर तिने सूप घेतलं. रोज शेतावर जाण्याआधी ते जमिनीवर ठेवायचं. सुपाखाली जेवढी जागा येईल, तेवढीच आजची. त्या जागेवरची वस्तू उचलायची, झाडायची, भिंतीवर तिला खुंटी शोधायची. खुंटी नसेल तर ठोकायची. मग जागा सारवायची आणि कामाला जायचं. पाठ दुखत असली तरी एवढं होत होतं. राग आला असला तरी होत होतं. धोंडाबाईने काल सारवलेल्या जागेवर मुद्दाम काही आणून टाकलं असेल, तर आजचं सूप पुन्हा तिथेच पडायचं.

भांडण तिने केलं नाही. टाकलेली वस्तू तिने परतही केली नाही. फुटकं डालगं तिने बांबूच्या चिपांनी शिवलं आणि दाराशी पालथं घातलं. धोंडाबाईची एक कोंबडी रोज त्याच्याखाली येऊन अंडी घालू लागली.

“आक्का, कोंबडी आमची हाय,” धोंडाबाई म्हणाली.

“कोंबडी तुजी. घेऊन जा.”

“अन् अंडी?”

“डालगं माजं. तूच दिलंस.”

गावात हे पसरलं. पाणवठ्यावर बाया तिला ‘सुपवाली’ म्हणू लागल्या. कुणी विचारी, “काय सुपवाले, आज कुठवर आलीस?” ती उत्तर देई, “रांजणापतुर.” हसण्यावारी चाललेली ही चौकशी हळूहळू खरी चौकशी झाली. भाद्रपदात तिने आतल्या कोपऱ्यात चिखलाची चूल घातली आणि ती वाळायला ठेवली, तेव्हा बायांनी ती पाहायला येऊन जाण्याइतका रस्ता पडवीत झाला होता.

घट बसायच्या आधी नेऱ्याहून भैरू गाडी घेऊन आला. भिकूने परस्पर निरोप धाडला होता. भैरू भला माणूस होता. बहिणीपुढे त्याला नीट बोलता येत नसे.

“ताई, चल. लोकं हसत्यात. भाऊ असून बहीन उकिरडा उपसतीया म्हनत्यात.”

“तुज्या घरात माजी खुंटी कुटं ठोकशील?”

“खुंटी?”

“लुगडं अडकवाया. येक. कुटं?”

भैरूने डोक्याचं मुंडासं काढलं, पुन्हा बांधलं. घरात बायको काय म्हणाली होती, ते त्याला आठवत असावं. “बघू की. माळ्यावर...”

“माळ्यावर दाणं ठेवत्यात, भैरू. मानूस न्हाई.” तिने त्याच्यापुढे बाभळीचा एक वाळका फाटा टाकला. “आलाच हायेस तर कुऱ्हाड घे. मला खुंट्या करून दे. जाड कर, जू टांगलं तरी मोडू नयेत अशा.”

“जू कशाला टांगतीस?”

“मोकळ्या भिंतीला काय बी टांगता येतंय.”

भैरू दुपारभर बसून खुंट्या तासत राहिला. तिला लागत होत्या त्याहून जास्त केल्या, सगळ्या भिंतीत ठोकून दिल्या आणि रिकामी गाडी घेऊन परत गेला. वेशीपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही, आणि वेशीपाशी पाहिलं.

अष्टमीच्या दिवशी गोजराबाई डोंगराला गवत कापायला गेली होती. पडवीत आता दाराच्या डाव्या अंगाची थोडी जागा तेवढी सारवायची उरली होती. चूल वाळून खणखणीत झाली होती. दुसऱ्या दिवशी ती पेटणार, हे भिकूलाही दिसत होतं आणि धोंडाबाईला त्याच्याही आधी दिसलं होतं.

“भरा,” ती नवऱ्याला म्हणाली.

“कशानं भरू? अडगळ समदी तिनं भिंतीला लावली.”

“असंल त्यानं भरा. उद्या सकाळी काढून घेऊ. म्हातारा येईस्तवर चूल दिसाय नको, बस.”

भिकूने हाताला लागेल ते आत नेलं. घरातला चालता नांगर, कुळव, पाभर, जू, कुदळी, खोरी, पहारी, विळे, कुऱ्हाडी. नांगर त्याने मुद्दाम चुलीवर आडवा टाकला. चुलीचा भांडं पेलणारा एक कान तुटला. मग दार ओढून घेतलं.

संध्याकाळी गोजराबाई गवताचा भारा उतरवून पडवीत आली. धोंडाबाई समोरच्या दारातून पाहत होती. आता रडेल, आता ओरडेल, म्हणून वाट पाहत होती. गोजराबाई दारात उभी राहिली. मग आत गेली आणि तिने दार लावलं.

सकाळी भिकू अवजारं आणायला गेला, तर पडवीचं दार सताड उघडं होतं आणि आतून समईचा उजेड येत होता.

अवजारं तिथेच होती, पण ढिगात नव्हती. प्रत्येक वस्तूला भिंतीवर आधीच जागा होती. जू खुंट्यांवर टांगलेलं होतं. त्याखाली कुदळी, खोरी, पहारी ओळीने उभ्या होत्या. नांगर आणि कुळव मधोमध पाटावर ठेवलेले. सगळं धुतलेलं, फाळांना तेलाचा हात फिरवलेला, प्रत्येकापुढे झेंडूचं फूल. मोडक्या अवजारांपुढेही एकेक फूल होतं. जमीन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारवलेली. आणि कोपऱ्यात, तुटलेल्या कानाच्या जागी दगड लावलेल्या चुलीवर, भात रटरटत होता.

“वैनी,” भिकू म्हणाला, “हे... मला अवजारं न्यायची हायेत. पूजेला.”

“पूजा मांडली, भावजी. दिवा लागला. मांडलेली पूजा हलवत्यात का?”

भिकूचा पाय उंबऱ्यापाशीच थांबला. नांगराला त्याने आयुष्यात कधी मुद्दाम पाय लावला नव्हता. लागलाच तर वाकून नमस्कार करी. मांडलेल्या पूजेतून नांगर उचलायला त्याचा हात जाणार नव्हता, हे त्याला कळलं आणि तिला ते आधीपासून ठाऊक होतं.

मागून धोंडाबाई आली. तिने आत पाहिलं आणि तिचा आवाज चढला. “रांडव बाईनं पूजा मांडली! नवमीच्या दिशी! अहो, बघताय काय? इटाळली की अवजारं!”

गोजराबाई चुलीपाशी बसली होती. ती उठली.

“नीट बघ, धोंडाबाई. कुंकू म्या कशाला बी लावलं न्हाई. धुतलं, पुसलं, मांडलं. धुवाय-पुसाय बाईचं कुंकू कवा आडवं येतंय? बारा म्हैनं तुजी भांडी घासली, तवा न्हाई आलं.” तिने कोनाड्यातला करंडा घेतला आणि उंबऱ्याच्या आत, जमिनीवर ठेवला. “कुंकू लावायचा मान तुजा. ये आत. लाव.”

धोंडाबाई जागची हलली नाही.

“आत ये की. पाय ठेवाय जागा हाय आता.”

एवढ्यात गोठ्याच्या बाजूने हैबतराव काठी टेकत आले. त्यांना सांगावं काही लागलं नाही. त्यांनी दारातून पाहिलं, चूल पाहिली, चुलीवरचा दगड पाहिला, आणि भिकूकडेही जरा जास्त वेळ पाहिलं.

“अवजारं हितं कशी आली रे?”

भिकूने मान खाली घातली. “म्याच आनली, तात्या.”

“ब्येस केलंस,” हैबतराव म्हणाले. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. “थोरल्या भावाच्या घरात पूजा मांडायची म्हंजी मोठा इचार. मला वाटलं न्हवतं तुला सुचंल.” मग ते धोंडाबाईकडे वळले. “सूनबाई, कुंकू लाव. निवद थंड हुईल.”

धोंडाबाई आत गेली. नांगराला, कुळवाला, जुवाला, एकेका विळ्याला तिने कुंकू लावलं. मोडक्या अवजारांशी आल्यावर तिने करंडा खाली ठेवला.

“त्यांना बी,” गोजराबाई म्हणाली.

तिने त्यांनाही लावलं. हैबतरावांनी नैवेद्याचं पाणी फिरवलं. पाटावर बसून घासभर भात तोंडात घातला. मीठ कमी होतं, ते बोलले नाहीत. उठताना चुलीकडे काठीने दाखवून त्यांनी एवढंच म्हटलं, “हिच्यावर देवाचा निवद शिजला. आता ही मोडायची कुनी न्हाई.”

दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर भिकू अवजारं न्यायला आला. गोजराबाईने एकेक खाली काढून त्याच्या हातात दिलं. तो ‘वैनी’ म्हणून काही बोलणार होता, पण हातात कुळव होता. तो वजनाने वाकला आणि तसाच गेला.

रात्री समोरच्या घरातून जेवायला हाक आली नाही. नथू गेल्यापासून ती हाक रोज येत होती. कधी नीट, बहुतेक वेळा ‘गिळायला या’ अशी. हाक येणार नाही, हे गोजराबाईनेच मागून घेतलं होतं. तरी भाकरी थापताना तिचा हात एकदा थांबला. मग तिने भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस भुरभुरत होता. पडवीच्या दाराशी सावली पडली. धोंडाबाई बाहेर, वळचणीखाली उभी होती. एका हातात फुटकं खापर, दुसऱ्या हाताने डोक्यावरचा पदर धरलेला. आत डोकावली नाही. हाक न मारता घरात शिरायची तिची सवय सगळ्या गल्लीला माहीत होती.

“आक्का,” ती म्हणाली. “आमची चूल इझली. काड्याबी सादळल्या. इस्तू हाय का?”

विस्तव माणूस शेजारच्या घरातून मागून नेतो. आपल्याच घरात कुणी तो मागत नाही. गोजराबाईने चुलीतली राख बाजूला सारली, दोन लालबुंद निखारे चिमट्यात धरले आणि उंबऱ्यापर्यंत येऊन धोंडाबाईच्या खापरात ठेवले.

“झाकून ने,” ती म्हणाली. “पाऊस हाय.”

धोंडाबाईने खापरावर पदर धरला आणि ती अंगण ओलांडून गेली. गोजराबाईने चुलीत उरलेल्या निखाऱ्यांवर पुन्हा राख ओढली.